प्रत्यवेक्षा आणि पाठ : अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्ताचा एक अभ्यास

१

प्राचीन बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. ग्रंथांचे अध्ययन आणि प्रत्यक्ष साधना यांचा परस्परसंबंध कोणता? थेरवादी परंपरेने या दोहोंना स्वतंत्र नावे दिली आहेत. अध्ययन ती परियत्ती आणि आचरण ती पटिपत्ती. नावे वेगळी झाली की वस्तूही वेगळ्याच असाव्यात असे मनास वाटू लागते. मग एक पक्ष म्हणतो की, ग्रंथ म्हणजे केवळ शब्द. खरे कार्य ध्यानाच्या आसनावरच व्हावयाचे. दुसरा पक्ष म्हणतो की, साधनेचे मार्ग अनेक व संदिग्ध आहेत. मूळ वचनाचा निर्णय झाल्यावाचून साधना म्हणजे अंधारातली वाटचाल होय. हे दोन्ही पक्ष परस्परांचे विरोधक दिसत असले तरी त्यांचे एक गृहीतकृत्य समान आहे. वाचणे ही एक क्रिया आणि आचरणे ही दुसरी, असे दोघेही धरून चालतात.

हे गृहीतकृत्य सर्व सुत्तांच्या बाबतीत टिकते काय, हे पाहण्यासाठी मज्झिमनिकायातील ६१ वे सुत्त, म्हणजे अंबलट्ठिक-राहुलोवाद, विशेष उपयुक्त आहे. सुत्त आकाराने लहान आहे. त्यात गहन तत्त्वचर्चा नाही. समाधीच्या अवस्थांचे वर्णनही नाही. पित्याने पुत्रास, आणि शास्त्याने श्रामणेरास, केलेला हा उपदेश आहे. अट्ठकथेच्या मते राहुल त्या वेळी अवघा सात वर्षांचा होता. असे असूनही या सुत्ताची भाषिक घडण बारकाईने तपासली असता असे आढळते की, ज्या रीतीने ते वाचावे लागते, तीच रीत ते आचरणासाठी सांगते. पुन:पुन्हा पाहणे हा त्याचा विषय आहे आणि पुन:पुन्हा पाहावयास लावणे हीच त्याची रचना आहे.

२

या सुत्ताच्या निवडीस आणखी एक कारण आहे. राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या आणि भाब्रू या नावाने प्रसिद्ध झालेल्या अशोकाच्या शिलालेखात (इ. स. पू. तिसरे शतक) मगधाच्या या राजाने संघास उद्देशून सात धम्मपर्यायांची नावे दिली आहेत. त्यांपैकी अखेरचा ‘लाघुलोवाद’ हा होय. त्यास जोडूनच तो मृषावादाविषयीचा आहे असा खुलासा केलेला आहे. धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात या सात नावांचा त्रिपिटकातील उताऱ्यांशी मेळ घालण्याचा यत्न केला व पुढे ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथातही हा विषय पुन्हा हाताळला. सातांपैकी काही नावांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु लाघुलोवाद म्हणजे प्रस्तुत सुत्त होय, याविषयी बहुतांशी एकमत आहे. मज्झिमनिकायात राहुलास केलेले उपदेश एकूण तीन आहेत. त्यांपैकी मृषावादाचा विषय या एकातच येतो. राजाला खुलासा करावासा वाटला यावरून या नावाचे एकाहून अधिक उपदेश त्या काळी प्रचारात असावेत, असे अनुमान निघते. चिनी भाषेत उपलब्ध असलेल्या मध्यम-आगमातही १४ वे सूत्र म्हणून हाच उपदेश आलेला आहे. तेव्हा सुत्ताच्या प्राचीनत्वाविषयी शंका घेण्यास फारसे कारण नाही.

आलेखाची भाषा पूर्वेकडील आहे. तीत ‘र’च्या ठिकाणी ‘ल’ येतो. म्हणून ‘राहुल’ या नावाचे ‘लाघुल’ झाले. ही सात प्रकरणे भिक्षू आणि भिक्षुणी यांनी, त्याचप्रमाणे उपासक आणि उपासिका यांनी, वरचेवर ऐकावीत व मनात धरावीत अशी राजाची इच्छा आहे. या दुसऱ्या क्रियेसाठी आलेखात ‘उपधालयेयु’ हे रूप आहे. उप-पूर्वक ‘धृ’ धातूचे हे प्रयोजक, विध्यर्थी, अनेकवचनी रूप होय. शब्दश: अर्थ ‘जवळ धरावे’ असा, पालीत ‘उपधारेति’ याचा अर्थ विचार करणे, नीट ध्यानात घेणे असा होतो. धरणे आणि विचार करणे या दोन क्रिया येथे एकाच धातूत सामावल्या आहेत. मौखिक परंपरेत हे स्वाभाविकच होते. जो पाठ कंठात नाही त्यावर चिंतन करण्यास दुसरे साधनच नव्हते. अध्ययन भिक्षूंचे आणि भक्ती गृहस्थांची अशी वाटणी या आलेखात नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. चौघांनाही एकच काम सांगितलेले आहे.

३

सुत्ताचा आरंभ एका घरगुती प्रसंगाने होतो. स्थळ राजगृह. बुद्ध सायंकाळी एकान्तातून उठून अंबलट्ठिकेस राहुलाकडे जातात. राहुल आसन मांडतो व पाय धुण्यास पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर बुद्ध भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवतात आणि त्या भांड्याकडेच राहुलाचे लक्ष वेधतात. मग ते भांडे चार अवस्थांतून जाते. प्रथम त्यात थोडे पाणी असते. नंतर तेही फेकून दिले जाते. नंतर भांडे पालथे केले जाते. अखेर ते उलटून रिकामे दाखविले जाते. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रामण्य तितकेच थोडे, तसेच फेकलेले, तसेच पालथे व तसेच रिते, असा दृष्टान्ताचा आशय आहे.

यानंतर राजाच्या हत्तीचा दृष्टान्त येतो. युद्धात पाय, मस्तक, दात, शेपूट हे सारे वापरूनही जो हत्ती सोंड जपतो, त्याने अद्याप जिवावर उदार होऊन लढणे पत्करलेले नसते. सोंडही ज्याने पुढे केली त्याला आता न करण्याजोगे काहीच उरले नाही. त्याचप्रमाणे जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याला न करण्याजोगे कोणतेही पाप उरत नाही. म्हणून थट्टेतही खोटे बोलू नये, असे राहुलास सांगितले जाते.

इथपर्यंत सुत्त मृषावादाचे आहे. पुढे मात्र ते अकस्मात वळण घेते. आरसा कशासाठी असतो, असा प्रश्न विचारला जातो. पाहण्यासाठी, असे राहुल उत्तरतो. तशाच रीतीने कायेचे, वाचेचे व मनाचे प्रत्येक कर्म पुन:पुन्हा पाहून करावे, असा उपदेश सुरू होतो आणि सुत्ताचा मोठा भाग या उपदेशानेच व्यापला आहे. खोटे बोलण्याचा विषय येथून पुढे नावानिशी येत नाही.

यामुळे सुत्ताच्या एकसंधपणाविषयी प्रश्न उभा राहतो. पूर्वार्ध व उत्तरार्ध हे मुळात वेगळे असून मागाहून जोडले गेले असावेत काय? अशोकाच्या आलेखातील विशेषण तर केवळ पूर्वार्धालाच लागू पडते. परंतु सुत्ताच्या आशयात शिरल्यास या जोडणीचे प्रयोजन स्पष्ट होते. आरसा उपयोगी पडतो तो खरे दाखवितो म्हणून. जो जाणूनबुजून असत्य बोलू शकतो, त्याने स्वत:च्या कर्माकडे कितीही पाहिले तरी त्या पाहण्याचा निर्णय विश्वासार्ह राहत नाही. साक्षीदारच फितूर झाला तर चौकशीचा उपयोग काय? सत्यवचन हे येथे अनेक शीलांपैकी एक शील म्हणून येत नाही. परीक्षणाची पूर्वअट म्हणून येते. भांडे, हत्ती आणि आरसा हे तीन दृष्टान्त या दृष्टीने एका क्रमाने उभे आहेत. पहिला सांगतो की असत्याने काय रिते होते. दुसरा सांगतो की असत्याने कोणता बांध फुटतो. तिसरा सांगतो की सत्य कशासाठी हवे.

४

उत्तरार्धाची रचना नऊ घरांच्या कोष्टकासारखी आहे. काया, वाचा व मन ही कर्माची तीन द्वारे. आणि कर्माचे तीन काळ. तीन गुणिले तीन असे नऊ परिच्छेद होतात आणि त्यांची शब्दयोजना जवळजवळ एकसारखी आहे. आधुनिक वाचकास ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. पाली पोथ्यांतही ‘पेय्याल’ या संक्षेपाच्या खुणेने पुनरुक्त मजकूर गाळण्याची पद्धत होती. अनुवादक तर ‘वाचा व मन यांविषयीही असेच समजावे’ असे एक वाक्य लिहून मोकळे होऊ पाहतो. या गाळण्यात काय हरवते, ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम काळांचा विचार करू. कर्माच्या पूर्वीच्या अवस्थेसाठी सुत्तात भविष्यकाळाचे क्रियापद नाही. तेथे ‘कत्तुकाम’ हा समास आहे. ‘करू इच्छिणारा’ असा त्याचा अर्थ. दुसऱ्या अवस्थेसाठी ‘करोन्त’ हे वर्तमानकालवाचक धातुसाधित आणि तिसऱ्या अवस्थेसाठी ‘कत्वा’ हे पूर्वकालवाचक रूप आलेले आहे. पहिल्या रूपाची निवड अर्थपूर्ण आहे. ‘कर्म करण्यापूर्वी विचार करावा’ असे भाषांतर केले, तर विचाराचा विषय अजून न घडलेली, अर्थात कल्पनेतली, एक घटना ठरते. परंतु ‘कत्तुकाम’ या शब्दाने परीक्षेचा विषय आताच, या क्षणी मनात उपस्थित असलेली इच्छा ठरतो. मराठीत ‘करावेसे वाटले की’ असा अनुवाद केल्यास हा अर्थ साधतो. साधकाच्या दृष्टीने हा भेद लहान नाही. भविष्याविषयी तर्क करता येतो. पाहता येते ते जे उपस्थित आहे तेच. परीक्षेची कसोटी मात्र नवांही ठिकाणी एकच आहे. हे कर्म स्वत:ला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा देणारे आहे काय? ते अकुशल, दु:ख वाढविणारे आणि दु:खातच परिणत होणारे आहे काय?

प्रत्येक अवस्थेत निष्पन्न होणारे कर्तव्य वेगळे आहे. इच्छेच्या अवस्थेत कर्म पीडाकारक दिसले तर ते मुळीच करू नये. करीत असताना तसे दिसले तर ते आवरते घ्यावे. कुशल दिसले तर त्यात आणखी भर घालीत जावे. अर्ध्यावर आलेले कर्मही थांबविता येते, ही गोष्ट या मधल्या पायरीने सांगितली आहे. संकल्प एकदा झाला की बाण सुटला, अशी सामान्य समजूत असते. सुत्त तिला मान्यता देत नाही.

पुनरुक्तीचे खरे मोल तिसऱ्या अवस्थेत कळते. कायिक कर्म करून झाल्यावर ते पीडाकारक होते असे दिसून आले, तर ते शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सहाध्यायांपुढे बोलून दाखवावे, उघड करावे, आणि पुढे संयम पाळावा. वाचिक कर्माबाबतही शब्दश: हेच आहे. मानसिक कर्माच्या परिच्छेदात मात्र शब्द बदलतात. तेथे उघड करण्याची आज्ञा नाही. त्या मनोव्यापाराविषयी उद्वेग, लज्जा व जुगुप्सा वाटावी आणि पुढे संयम पाळावा, एवढेच सांगितले आहे. आठ घरे एकाच साच्यातून काढल्यावर नवव्या घरात साचा मोडला आहे.

हा फरक अपघाती म्हणता येत नाही. पाठांतराच्या परंपरेत समान परिच्छेद अधिकाधिक समान होत जातात. जिभेला वळण पडले की ती मागचेच शब्द पुढे ओढीत नेते. अशा परिस्थितीत जो फरक टिकून राहिला, तो जाणूनबुजून जतन केलेला असला पाहिजे. अर्थाच्या दृष्टीनेही तो सयुक्तिक आहे. काया व वाचा यांचे कर्म दुसऱ्यापर्यंत पोहोचलेले असते. त्याचे निवारण दुसऱ्याच्या समक्षच व्हावयास हवे. मनातला विकार अजून दुसऱ्यापर्यंत गेलेला नसतो. प्रत्येक विचार लोकांपुढे मांडावा असा दंडक घातला असता तर एक तर दंभ वाढला असता, नाही तर भय. म्हणून मनाच्या बाबतीत साधकाला त्याच्या स्वत:च्या लज्जेवर सोपविले आहे. पूर्वार्धातही शब्द लज्जेचाच होता. खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, अशा माणसाविषयीच सारे दृष्टान्त होते. जेथे ऐकणारा कोणी नाही तेथे माणूस स्वत:शीच खोटे बोलू शकतो आणि तेथे त्याला अडविणारी लज्जाच काय ती उरते. पूर्वार्ध व उत्तरार्ध यांचा सांधा या नवव्या परिच्छेदात सापडतो आणि ‘असेच समजावे’ असे लिहिणारा अनुवादक नेमका तोच सांधा निखळून टाकतो.

वाचकाच्या बाजूनेही याचा विचार करावयास हवा. आठ वेळा तेच शब्द आल्यावर नवव्या वेळी लक्ष ढळणे साहजिक आहे. ज्याचे लक्ष ढळले त्याला फरक दिसत नाही. ज्याने प्रत्येक वेळी पहिल्यासारखेच पाहिले, त्यालाच तो दिसतो. नेहमीच्या कर्मांच्या बाबतीतही हेच घडते. रोजचे बोलणे, रोजचे वागणे सारखेच दिसते, म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही आणि पीडा तेथेच शिरते. सुत्ताचा पाठ हा या अर्थी त्याच्या उपदेशाचा पहिला सराव होय.

५

सुत्ताच्या मध्यवर्ती क्रियापदाकडे आता वळता येईल. ‘पच्चवेक्खति’ म्हणजे प्रति + अव + ईक्ष्. ईक्ष् धातूचे कुटुंब मराठीत मोठे आहे. परीक्षा, समीक्षा, निरीक्षण, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा हे सारे शब्द नित्य वापरातले आहेत. केवळ उपसर्ग बदलल्याने पाहण्याचे किती प्रकार होतात, हे या यादीवरून दिसते. प्रत्यवेक्षा हा शब्द मात्र मराठीत रुळला नाही. त्याच्या जागी सामान्यत: ‘आत्मपरीक्षण’ हा शब्द योजला जाण्याचा संभव असतो. तो शब्द येथे दोन कारणांनी अपुरा पडतो.

पहिले कारण व्याकरणाचे आहे. सुत्तात ‘पच्चवेक्खितब्ब’ या विध्यर्थी धातुसाधिताचे कर्म ‘कायकम्म’, ‘वचीकम्म’ आणि ‘मनोकम्म’ हे आहे, ‘अत्ता’ नव्हे. पाहावयाचे ते कर्म, कर्ता नव्हे. ‘मी कसा आहे?’ हा प्रश्न सुत्त विचारीत नाही. ‘हे जे मी करू इच्छितो, करतो, केले, ते कसे आहे?’ एवढेच ते विचारते. आत्मपरीक्षण या शब्दाने दृष्टी कर्त्यावर खिळते. मग त्यातून एक तर आत्मगौरव निपजतो, नाही तर आत्मधिक्कार. अनात्मवादी दर्शनाच्या साधनेला हे दोन्ही परके आहेत. दुसरे कारण रूढीचे आहे. आत्मपरीक्षण मराठीत बहुधा चूक घडून गेल्यावर केले जाते. सुत्तातील प्रत्यवेक्षा तिन्ही काळी चालते आणि ती केवळ दोष शोधीत नाही. कर्म कुशल होते असे दिसून आले तर त्या प्रीतीत व प्रमोदात राहावे आणि रात्रंदिवस कुशल धर्मांचा अभ्यास करावा, असे प्रत्येक द्वाराच्या अखेरीस सांगितले आहे. चांगले घडले ते पाहून आनंद मानणे हाही या साधनेचा विहित भाग आहे.

‘पडताळणे’ या साध्या मराठी क्रियापदात यांतील बराच अर्थ उतरतो. पडताळा पाहावयाचा तो वस्तूचा, पाहणाऱ्याचा नव्हे. तो काम चालू असतानाही घेता येतो आणि त्याचा निष्कर्ष अनुकूल असू शकतो. व्याकरणाच्या दृष्टीनेही मराठी येथे सोयीची आहे. पालीतील ‘-तब्ब’ हा प्रत्यय आणि मराठीतील ‘करावे’, ‘पाहावे’ या रूपांतील ‘-आवे’ हे दोन्ही प्राचीन ‘-तव्य’ प्रत्ययाचेच वंशज आहेत. ‘राहुलाने कर्म पडताळावे’ या मराठी वाक्यात कर्त्याची तृतीया आणि विध्यर्थ ही मूळ वाक्यरचना जवळजवळ अभंग राहते.

‘कर्म’ या शब्दाची अडचण याहून मोठी आहे. हा शब्द मराठी माणसाला इतका परिचित आहे की त्याचा अर्थ शोधावा असे त्याला वाटतच नाही. ‘कर्म माझे!’ असे म्हणून जो कपाळाला हात लावतो, त्याच्या मनात कर्म म्हणजे भोगावयाचे दैव असते. कर्म आड येते, कर्म भोवते. या सर्व प्रयोगांत कर्म हे माणसावर ओढवते. तो ते करीत नाही. सुत्तातील कर्म याच्या अगदी उलट टोकाला आहे. ते अजून इच्छेच्या अवस्थेत असतानाच दृष्टीखाली घेतले जाते, चालू असताना आवरले जाते. त्याच्यासंबंधी दु:खपरिणामाची भाषा येते तीदेखील निवडीस साहाय्य म्हणून येते, सोसण्याचे समर्थन म्हणून नव्हे.

तिसरा शब्दप्रयोग ‘कायावाचामने’ हा होय. मराठी भक्तिपर वाङ्मयाने तो घरोघरी पोहोचविला. त्यात तिन्ही साधने मिळून एक संपूर्णता दाखविली जाते. सर्वस्वाने, नि:शेषपणे असा त्याचा भाव आहे. सुत्तात हीच त्रयी विश्लेषणासाठी आलेली आहे. तीन द्वारे वेगळी ठेवली म्हणूनच मनोद्वाराचा वेगळा नियम सांगता आला. मराठी वाचक आपल्या सवयीने तिन्हींना एकत्र बांधून पुढे सरकला, तर सुत्ताने मोठ्या कष्टाने पाडलेल्या फटी तो नकळत बुजवून टाकतो. परक्या भाषेचा वाचक अनोळखी शब्दाशी थांबतो. मराठीच्या वाचकाला ओळखीच्या शब्दाशी थांबावयास शिकावे लागते आणि हे अधिक अवघड आहे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पुनरुक्ती ही मौखिक परंपरेची गरज होती. पाठांतर सुलभ व्हावे म्हणून ती आली. तिच्यात साधनेचा हेतू पाहणे म्हणजे मागाहून अर्थ चिकटविणे होय. पुनरुक्तीचा उगम पाठांतराच्या सोयीत आहे, हे मान्यच करावयास हवे. परंतु एखाद्या रूपाचा उगम आणि त्याचे कार्य या भिन्न गोष्टी आहेत. ओवी जात्यावर दळताना म्हटली गेली म्हणून तिचे कार्य दळण्यापुरतेच होते, असे कोणी म्हणत नाही. शिवाय केवळ सोय हाच हेतू असता, तर नववा परिच्छेद साच्याप्रमाणेच झाला असता. कारण पाठांतराला अपवाद हाच सर्वांत गैरसोयीचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुत्ताचा असा सूक्ष्म पाठ करणारा अभ्यासक प्रत्यवेक्षेचा जाणकार होईल; प्रत्यवेक्षा करणारा होईलच असे नाही. या आक्षेपाला नकार देता येत नाही. खुद्द निकायांतही याची जाणीव आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तीन प्रकारचे श्रोते वर्णिले आहेत. पहिला पालथ्या घड्यासारखा. वर ओतलेले पाणी आत जातच नाही. मराठीतील ‘पालथ्या घड्यावर पाणी’ या म्हणीची येथे सहज आठवण होते. दुसरा, ओच्यात तीळ, तांदूळ, मोदक, बोरे घेऊन बसलेल्या माणसासारखा. बसला आहे तोवर सारे जवळ असते, बेसावधपणे उठला की सांडून जाते. तिसरा उताण्या घड्यासारखा. ओतलेले त्यात राहते. विद्यापीठातील अभ्यासकाला पहिल्या प्रकाराचे भय फारसे नसते. त्याचे भय दुसऱ्या प्रकाराचे आहे. तास चालू असेतो, प्रबंध लिहून होईतो, सर्व काही ओच्यात असते.

या सांडण्यावरील उपाय मज्झिमनिकायाच्या ९५ व्या, चंकी सुत्तात क्रमाने आला आहे. श्रवणानंतर धारणा, धारणेनंतर अर्थाची परीक्षा, परीक्षेनंतर चिंतनाला तो धम्म पटणे, त्यातून छंद, उत्साह, मग ‘तुलना’, आणि शेवटी प्रयत्न व साक्षात्कार. यांतील ‘तुलना’ हा शब्दही फसवा आहे. मराठीत तुलना दोन वस्तूंची होते. येथे अर्थ तोलणे हा आहे. उत्साह आल्यानंतरही तोलणे आहे, ही गोष्ट मननीय आहे. श्रद्धेने आरंभ झालेला हा क्रम विचाराला कोठेही निरोप देत नाही आणि विचारालाच शेवट मानीत नाही. उपनिषदांतील श्रवण, मनन, निदिध्यासन या परिचित त्रयीत हा क्रम कोंबून बसविला, तर धारणा व तोलणे या दोन्ही पायऱ्या हातच्या जातात. अध्ययन आणि साधना यांच्यामध्ये दरी दिसते, ती बहुधा या गाळलेल्या पायऱ्यांच्या जागी असते.

म्हणून आक्षेपाचे उत्तर असे देता येते की, सूक्ष्म पाठाने साधना सिद्ध होत नाही. परंतु स्थूल पाठाने ती चुकीच्या दिशेस जाऊ शकते. ‘आत्मपरीक्षण’ समजून बसलेला साधक स्वत:चा न्यायाधीश होईल. ‘कर्म’ म्हणजे दैव समजलेला साधक थांबविण्याजोगे कर्मही थांबविणार नाही. या दोघांच्या प्रामाणिकपणात उणीव नाही. उणीव त्यांच्या हाती दिलेल्या शब्दांत आहे.

७

हा प्रश्न महाराष्ट्रात केवळ भाषाशास्त्राचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून पाली भाषेतील पंचशील येथील लक्षावधी कुटुंबांत म्हटले जाऊ लागले. त्यांतील चौथे शील मृषावादापासून विरत होण्याचे आहे. राहुलोवाद हे सुत्त त्या चौथ्या शीलाचे जणू भाष्यच होय. ते शील पाठ म्हणणाऱ्याला अन्य शीलांच्या पालनाचा पडताळा घेण्याचे साधन त्यातच आहे, हे हे सुत्त दाखवून देते. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते या मताचा बुद्धाच्या कर्मविचाराशी मेळ बसत नाही, अशी भूमिका घेतली. या भूमिकेची ऐतिहासिक चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. परंतु प्रस्तुत सुत्तापुरते पाहिले तर तेथे कर्माचे तिन्ही काळ कर्त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आहेत आणि गतजन्माचा उल्लेखही नाही. ज्या समाजाला शतकानुशतके ‘कर्म’ हा शब्द मुकाट्याने सोसण्याच्या अर्थाने ऐकविला गेला, त्याच्या हाती तोच शब्द निवडीच्या अर्थाने परत देणारे हे वाचन आहे.

यावरून पाली ग्रंथांचे मराठी अनुवाद व अध्यापन यांच्याविषयी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पुनरुक्त परिच्छेद गाळण्यापूर्वी ते अक्षरश: सारखे आहेत काय, हे प्रत्येक ठिकाणी पाहिले पाहिजे, आणि जेथे संक्षेप अपरिहार्य असेल तेथे फरकाचे स्थळ तरी नमूद झाले पाहिजे. तसेच कर्म, वेदना, भावना, विवेक, प्रपंच यांसारखे शब्द मराठीत जसेच्या तसे ठेवताना ते दोन भाषांत दोन अर्थांनी नांदतात, हे वाचकाला सांगितले पाहिजे. पालीत वेदना सुखाचीही असते, भावना म्हणजे मनाची मशागत, विवेक म्हणजे अलिप्तता किंवा एकान्त आणि प्रपंच म्हणजे मनात चालणारा कल्पनांचा विस्तार. सुखद अनुभवाकडेही ‘वेदना’ म्हणून पाहावयाचे असते हे ज्याला सांगितलेच नाही, तो वेदनेचे अवलोकन करावयास बसला की केवळ दुखणेच शोधीत राहील.

राहुलोवादाच्या अखेरीस असे सांगितले आहे की, भूतकाळी ज्यांनी ज्यांनी आपले कर्म शुद्ध केले, भविष्यकाळी जे करतील आणि वर्तमानकाळी जे करीत आहेत, ते सर्व या एकाच रीतीने, पुन:पुन्हा पाहूनच. कर्माचे तीन काळ येथे मनुष्यजातीचे तीन काळ होतात. नऊ परिच्छेदांत एका श्रामणेरापुरता वाटलेला नियम शेवटच्या परिच्छेदात सर्वांचा होतो. हा विस्तारही त्याच क्रियापदाच्या द्विरुक्तीने साधलेला आहे आणि संक्षिप्त अनुवादात बहुधा तीच पहिल्याने जाते.